जुन्या बाजारातली शेरवानी

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, पण खरं सांगायचं तर त्यातल्या चुका काढायला. जन्मभर गणित शिकवलं. उत्तर चुकलं की रीत तपासायची, एवढंच मला माहीत. कुणी पिंपळाखाली बाई दिसल्याचं लिहिलं की मी आधी विचारतो — उजेड किती होता, आणि बघणाऱ्याला चष्मा होता का. नळदुर्गात आमचं किराणा दुकान होतं. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बोरी नदीतल्या भुतांच्या गोष्टी निघायच्या, तेव्हाही मी उठून आत जायचो. भीतीनं नाही, कंटाळ्यानं.

असं असूनही एक गोष्ट माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली आहे, आणि तिची रीत मला आजवर सापडलेली नाही. त्यातली बहुतेक माणसं आता राहिली नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही असं वाटलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

निजामाचं राज्य होतं, आणि तिकडं युरोपात लढाई चालू होती. मला उस्मानाबादच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, नोकरी लागली. कागदावर उस्मानाबाद, आम्ही घरात तेव्हाही धाराशिवच म्हणायचो. मधेच एक जागा रिकामी झाली म्हणून दिवाळीच्या आधी मला हजर व्हायला सांगितलं. पहिल्याच दिवशी सदर मुदर्रिस साहेबांनी — म्हणजे हेडमास्तरांनी — माझ्या धोतर-कोटाकडं बघितलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "मास्तर, शेरवानी शिवून घ्या. इन्स्पेक्टर साहेब आले तर मला बोल बसतील."

शिवून घ्या म्हणणं सोपं होतं. लढाईमुळं कापड कंट्रोलवर गेलेलं. नळदुर्गच्या शिंप्याकडं गेलो तर तो मशीनवर हात ठेवून नुसता बसलेला. "कापड आणा मालक, शिवून देतो," म्हणाला. कापड कुठंच नव्हतं.

आम्ही नवीनच संसार मांडला होता. माझी बायको महादेवी आळंदकडची, कानडी मुलखातली. मराठी चांगलं बोलायची, पण रागावली की कानडीत जायची. भाड्याच्या खोलीत घालायला सामान म्हणून काहीच नव्हतं. शेजारणीनं तिला सांगितलं, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात मदारचाचांचं दुकान आहे, तिथं सगळं जुनं मिळतं. मग एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं तिथं गेलो.

दुकान म्हणजे एक लांबट अंधारी खोली. बदली होऊन गेलेल्या अंमलदारांचं सामान तिथं यायचं. पत्र्याच्या पेट्या, काचा फुटलेले कंदील, एक पाय आखूड असलेली आरामखुर्ची, पितळेच्या घागरी, सतरंज्या. आणि मागच्या भिंतीला दोरीवर कपडे. ते हैदराबादहून गठ्ठ्यांनी यायचे. नवं कापड मिळत नसल्यामुळं त्या दोरीपुढं चांगल्या घरच्या बायकासुद्धा उभ्या असायच्या, फक्त एकमेकींकडं बघायच्या नाहीत.

महादेवीनं एक पेटी, एक तवा आणि झाकणाचा पितळी डबा बाजूला काढला. मी शेरवान्या बघत होतो. एक गडद तपकिरी रंगाची, लोकरीची, मला दिसली. अंगात घातली. आणि माप घेऊन शिवल्यासारखी बसली. खांदा, बाही, गळा — कुठं बोटभर कमी-जास्त नाही. डाव्या कोपरापाशी फाटलेलं होतं, ते कुणीतरी बारीक टाके घालून रफू केलेलं, पण हिरव्या दोऱ्यानं. तेवढं सोडलं तर नव्यासारखी.

महादेवीनं बाही हातात घेऊन बघितली आणि सोडून दिली.

"बेडा," ती म्हणाली. म्हणजे नको.

"का गं?"

"कुनाच्या अंगावरची हाय कुनाला ठाऊक. मेल्या मानसाची असली तर?"

चाचांनी ते ऐकलं. म्हातारे गृहस्थ, मेंदीनं लाल केलेली दाढी. त्यांना राग आला नाही. "मरे सो लोगां का माल मैं लेताच नै, बेटी," ते म्हणाले. "जिंदा आदमी की है. बेफिकर ले जाओ."

"तुमाला कसं ठाऊक?" महादेवीनं विचारलं.

"गठ्ठेवाला मेरा पुराना आदमी है. मेरेकू झूट नै बोलता."

महादेवीचं समाधान झालं नाही, पण मला नोकरी टिकवायची होती. शेरवानी घरी आली. तिनं ती उन्हात टाकली, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी दिली, तेव्हा कुठं मला घालू दिली.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. म्हणजे, मला काही जाणवलं नाही. महादेवीला जाणवलं. एकदा जेवताना ती म्हणाली, "तुम्ही दारात खाकरता कशाला?"

"मी? कधी?"

"रोज. शाळेतनं आलात की. दोनदा खाकरता, मग आत येता. आधी कधी करत नव्हता."

मला हसू आलं. म्हटलं, खडूची धूळ असेल. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो, दारात पाय ठेवला आणि माझा मलाच आवाज ऐकू आला. दोनदा, अगदी ठरवल्यासारखा. घशात खवखव नव्हती, खोकला नव्हता. सुनेच्या घरात सासरा येताना वर्दी देतो ना, तसं ते खाकरणं होतं. मी तिथंच थांबलो. महादेवी चुलीपुढून माझ्याकडं बघत होती.

त्यानंतर वाटेचं सुरू झालं.

शाळेतून निघालो की आमच्या खोलीकडं जायला डावीकडं वळायचं. एके दिवशी डोक्यात उद्याच्या वर्गाची उदाहरणं घोळत होती. भानावर आलो तेव्हा घरं संपली होती आणि मी येडशीच्या रस्त्यावर उभा होतो. माणूस विचारात असला की असं होतं. मी मागं फिरलो. काही दिवसांनी परत तेच. या वेळी गाव बरंच मागं पडलं होतं, पुढं एक ओढा होता, आणि ओढ्याच्या या काठाला मी थांबलो होतो. बरोबर कुणी नाही. रस्त्यानं एक बैलगाडी आली. गाडीवाला म्हणाला, "कुठं निघालाव मास्तर? बसा, सोडतो." कुठं निघालोय ते मला सांगता येईना. तोंडातून आलं, "घरी." आणि घर तर मागं राहिलं होतं.

त्या दिवशी मात्र मला बरं वाटलं नाही. घरी आलो, शेरवानी काढून खुंटीला लावली आणि महादेवीला सगळं सांगितलं. ती घाबरेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी तुम्ही धोतर नेसून बाजारात जाता, तेव्हा होतं का असं?"

नव्हतं होत. ही तपासणी खरं तर मी करायला हवी होती.

"मग परत देऊन टाका चाचांना."

"दुसरी कुठून आणू? आणि देताना काय सांगू त्यांना — ही शेरवानी चालती म्हणून?"

तिलाही हसू फुटलं. पण हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बघितलं. परमुलखात नवीन घर, आणि नवरा असा बोलतोय. मी तिला म्हटलं, आपण सोक्षमोक्ष लावू. येत्या जुम्म्याला सुट्टी आहे. दिवसाढवळ्या मी शेरवानी घालून निघतो, आणि पाय नेतील तिकडं जातो. कुठंच नेलं नाही तर सगळा मनाचा खेळ. नेलं, तर दुसऱ्याच दिवशी शेरवानी चाचांना परत.

"मी येणार बरोबर," ती म्हणाली. "पन पुढं तुम्ही चालायचं. मी बोलणार न्हाय."

जुम्म्याला सकाळी भाकरी बांधून आम्ही निघालो. शुक्रवारी शाळा बंद असायची, रस्त्याला वर्दळ कमी. दिवाळी होऊन गेलेली, हवेत गारवा, दोन्ही बाजूंना ज्वारी छातीएवढी आलेली. मी पुढं, महादेवी दहा-बारा हात मागं. गाव संपेपर्यंत मला काहीच वाटलं नाही. उलट आपण कसला वेडेपणा करतोय, कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं, हेच डोक्यात. ओढा आला. ओढ्यापाशी मी थांबेन असं मला वाटलं होतं. मी थांबलो नाही. पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि ओढा उतरलो.

पुढचं नीट सांगता येणं कठीण आहे. मला कुणी ओढत नव्हतं. कानात आवाज नव्हता. रोजच्या पायाखालच्या वाटेनं चालताना आपण जसे चालतो — कुठं दगड आहे, कुठं वळायचं, हे न बघता — तसा मी चालत होतो. फरक एवढाच, की ती वाट मी जन्मात बघितली नव्हती. रस्त्यावरून एक पायवाट उजवीकडं फुटली होती. तिच्या तोंडाशी बोराटीचं झुडूप होतं, आणि वाट बाहेरून दिसतसुद्धा नव्हती. मी झुडपाला वळसा घालून आत शिरलो. मागून महादेवीचा आवाज आला, "अहो, तिकडं वाट न्हाय." मग तीही झुडपाला वळसा घालून आली. वाट होती.

ज्वारीतून बरंच आत गेलो. ताटं अंगाला घासत होती. मग एकदम मोकळं झालं, आणि समोर विहीर. बिनकठड्याची, जुनी, काठावर मोटेची धाव, एक चिंचेचं झाड. आसपास माणूस नाही. मी काठापासून चार पावलांवर थांबलो, आणि दोनदा खाकरलो.

खालून आवाज आला.

"आलात का?"

बाईचा आवाज होता. अगदी क्षीण. महादेवीनं माझा हात घट्ट धरला. एक क्षण दोघांच्याही मनात जे आलं ते सांगायला नको. विहीर, भरदुपार, आणि खालून बाई बोलावतीये. मी मागं सरलो. खरं सांगतो, पळालो असतो.

महादेवी पळाली नाही. तिनं माझा हात सोडला, पालथी पडून विहिरीत डोकावली, आणि लगेच ओरडली, "बाई हाय ओ. जिती हाय."

विहिरीच्या भिंतीत उतरायला दगडी टप्पे होते. मधला एक टप्पा निखळून पडला होता. खाली कमरेएवढ्या पाण्यात, भिंतीच्या एका कपारीला धरून, एक तरणी बाई उभी होती. तिचा एक पाय मोडला होता. पोहरा दोरासकट विहिरीत पडला म्हणून ती सकाळी उतरली होती. घरात फक्त सासरे, तेही बाजाराला गेलेले. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. ज्वारीच्या पलीकडं काही ऐकू जात नव्हतं. मग तिनं ओरडणं सोडलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर हात सुटले असते, असं तिनं मागाहून सांगितलं.

मी धावत सुटलो. दोन शेतं ओलांडल्यावर खळ्याची जागा साफ करणारे तिघं गडी भेटले. त्यांच्याकडं सोल, म्हणजे मोटेचा जाड दोर, होता. आम्ही येईपर्यंत महादेवी विहिरीच्या तोंडाशी बसून तिच्याशी सारखी बोलत होती. माहेर कुठलं, पोरंबाळं किती, काल काय रांधलं... तिला झोप लागू द्यायची नाही, एवढंच तिला सुचलं होतं. एक गडी दोर कमरेला बांधून खाली उतरला. बाईला वर घेतली तेव्हा ती थंडीनं काळीनिळी झालेली. मी शेरवानी काढून तिच्या अंगावर टाकली.

तिनं ती अंगाशी ओढून घेतली. मग तिचा हात कोपरापाशी गेला. त्या हिरव्या टाक्यांवर तिनं बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि माझ्याकडं वर बघितलं.

"ही कुठनं आनली तुमी?"

मी म्हटलं, "धाराशिवच्या बाजारातनं. जुन्या कपड्यांच्या दुकानातनं."

"ही माझ्या मालकाची हाय. हे टाके माझे हायेत. काळा दोरा मिळाला न्हाई म्हनून हिरव्यानं केलं."

तिचं नाव कौसल्या. नवरा दिगंबर हैदराबादला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होता. उर्दू शिकलेला, म्हणून नोकरी मिळाली, आणि नोकरीसाठी ही शेरवानी शिवलेली. पावसाळ्याच्या आधी येऊन गेला, त्यानंतर काही खबर नव्हती. तिनं मला एवढंच विचारलं, "मानूस जिता असताना त्याचा असला कपडा बाजारात येतो का?"

मला चाचांचे शब्द आठवले. जिवंत माणसाचीच आहे असं त्यांनी सांगितलंय, म्हणालो. तिचा विश्वास बसला की नाही, कळलं नाही. ती शेरवानी सोडत नव्हती. गड्यांनी तिला उचलून घरी नेली, हाडवैद्य आला, त्यानं पाय ओढून बसवला, बांबूच्या कामट्या बांधल्या, तरी तिनं ती हातातून सोडली नाही.

संध्याकाळी तिचे सासरे बाजारातून आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. उंच, सुकलेले, बोलणं तुटक. सून वाचली हे ऐकून ते आमच्यापुढं हात जोडून उभे राहिले, पण दिगंबरचं नाव निघताच त्यांचा चेहरा बंद झाला.

"त्याचं काढू नगा मास्तर. शहरात गेला, आमाला इसरला. आमाला तो मेलाच."

महादेवीनं शेरवानीचं सांगितलं. कुठून घेतली, ती कशी चालायला लागली, सगळं. तात्या ऐकत होते. ऐकता ऐकता खाली बसले. "मी म्हनायचो तसं... खरंच तसं तर न्हाय ना झालं?" ते म्हणाले. त्यांच्याकडं मला बघवेना. महिनोन्‌महिने रागाच्या भरात म्हातारा जे तोंडानं म्हणत होता, तेच आता त्याच्या पुढ्यात येऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांना घेऊन मी मदारचाचांकडं गेलो. चाचांनी कपाळावर हात मारला नाही, की काही सबब सांगितली नाही. त्यांनी तात्यांना आरामखुर्चीत बसवलं, चहा मागवला, आणि म्हणाले, गठ्ठेवाला आठवड्याच्या बाजाराला येतो, तोवर धीर धरा. गठ्ठेवाला आला. त्याला शेरवानी आठवली, कारण तिच्यासाठी त्यानं घासाघीस केली होती. हैदराबादेत नामपल्लीकडं एक मराठी खानावळ आहे, तिचा मालक एका आजारी भाडेकरूचं सामान विकत होता, औषधासाठी म्हणून.

"आजारी? जिता हुता न्हवं?" तात्यांनी विचारलं.

"मैं गया तब तो था, बाबा."

मी सदर मुदर्रिस साहेबांकडून रजा घेतली. त्यांना कारण अर्धंच सांगितलं. तात्या आणि मी नळदुर्गाला गेलो, तिथून हैदराबादची मोटार धरली. पेट्रोल मिळत नसल्यामुळं त्या वेळी मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, मागं भट्टी लावलेली. चढ आला की उतरून ढकलायचं. तात्या त्या वयातही ढकलायला उतरायचे.

खानावळ सापडली. मालकाला दिगंबरचं नाव सांगितलं तर त्यानं नुसतं मागच्या ओसरीकडं बोट दाखवलं. ओसरीच्या उन्हात एक माणूस घोंगडी पांघरून बसला होता. डोक्याचे केस गेलेले, गालफडं आत. विषमज्वर झाला होता, एकदा उतरून परत उलटला होता. पेढी त्याच्या आधीच बंद पडलेली. नोकरी गेली हे घरी कसं सांगायचं म्हणून हा दुसरं काम शोधत राहिला, आणि त्यातच आजारी पडला.

तात्या दारातच थांबले. दिगंबरनं मान वर केली, बापाला बघितलं. कसे आलात, कोण हे, काही विचारलं नाही. तो म्हणाला —

"तात्या, ती हिरीतनं निघाली का?"

मी ठासून सांगतो. आम्ही त्याला काही कळवलं नव्हतं. खानावळीच्या मालकालाही बोललो नव्हतो. गावाहून दुसरं कुणी हैदराबादला आलेलं नव्हतं.

तात्या त्याच्यापाशी जाऊन बसले आणि त्याचं टक्कल दोन्ही हातांनी चाचपत राहिले. "निघाली बाबा. बरी हाय. पाय मोडलाय, तेवढाच." मग बापलेक दोघंही रडायला लागले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

नंतर दिगंबरनं मला सांगितलं. तापात त्याला रोज एकच दिसायचं. तो घरी निघालाय. धाराशिव सोडून येडशीच्या रस्त्याला लागलाय, आणि तिथंच जाग यायची. ताप चढला की परत निघायचा. एकदा ओढ्यापर्यंत गेला, पाण्याच्या या काठाला थांबला. "मग एका दिवशी वढा उतरलो," तो म्हणाला. "बोराटीपासून आत वळलो. हिरीपाशी गेलो, आन् खाकरलो. मी लगीन झाल्यापासनं तसाच खाकरतो, तिला कळावं म्हनून. ती खालनं म्हनली, आलात का. तिला काढायला वाकलो, तर मला जाग आली. त्या दिवसापासून ताप उतरला."

कोणता दिवस, हे मी विचारलं. त्याला सांगता आलं नाही. तापातल्या माणसाला वाराची शुद्ध नसते. खानावळवाला मात्र म्हणाला, जुम्मा होता, दुपारी मशिदीकडं जाणारी गर्दी रस्त्यावर होती, तेव्हा याला घाम फुटला.

दिगंबरला आम्ही घरी आणलं. मोटारीत तो तात्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता. गावात पोचलो तेव्हा कौसल्याबाई मोडलेला पाय पुढं करून दारात बसलेल्या. दिगंबर खाकरला नाही. त्या उठायला लागल्या, आणि महादेवीनं त्यांना दाबून खाली बसवलं. त्यांच्या सोबतीला म्हणून ती आठवडाभर तिथंच राहिली होती.

शेरवानी कौसल्याबाईंपाशीच होती; ती आता तुमची तुम्हीच ठेवा, असं मी दिगंबरला म्हटलं. दिगंबर म्हणाला, "घेऊन जा मास्तर. तुमच्या नोकरीला लागती. मी आता हितंच राहनार." निजामाचं राज्य जाईपर्यंत मी ती घातली. पुन्हा कधी वाट चुकलो नाही. दारात खाकरलो नाही. महादेवी काही दिवस कान देऊन असायची, मग तिनंही सोडून दिलं. कोपरावरचं रफू पुढं उसवलं, ते तिनं काळ्या दोऱ्यानं घातलं.

मी पुष्कळ विचार केला. रस्त्यावरून बाईचा आवाज कानावर पडला असेल आणि मनानं नोंद घेतली असेल, असंही म्हणून बघितलं. पण मी एकदा मुद्दाम रस्त्यावर उभा राहिलो आणि तात्यांना विहिरीपाशी ओरडायला लावलं. काही ऐकू आलं नाही. शिवाय पहिल्यांदा वाट चुकलो तेव्हा ती विहिरीत पडलेलीच नव्हती. आणि ती पडायच्या आधी दिगंबर तरी कशासाठी निघाला होता? नुसता घरी यायला? मग त्याच दिवशी पोचला कसा? योगायोग म्हणावं, तर किती योगायोग एकापुढं एक मांडायचे याला काही मर्यादा हवी. सायन्स शिकलेल्या दोन-तीन मित्रांना सांगितलं. त्यांनी दोन-तीन नावं सांगितली. नाव दिलं म्हणजे उदाहरण सुटत नाही, हे मी वर्गात पोरांना सांगत असे. मला याचं उत्तर माहीत नाही. आता या वयात मिळेल असंही वाटत नाही, आणि गंमत म्हणजे त्याची रुखरुखही नाही. ती विहीर आठवली की भीती वाटत नाही, बरंच वाटतं.

त्याच हिवाळ्यात संक्रांतीनंतर त्यांनी आम्हाला हुरड्याला बोलावलं. विहिरीला तात्यांनी गुडघाभर का होईना, दगडांचा कठडा घातला होता. आगटी पेटवलेली, दिगंबरच्या डोक्यावर केस परत आलेले, तो कणसं भाजत होता. कौसल्याबाई काठी टेकत, लंगडत, हुरडा चोळून पळसाच्या पानांवर वाढत होत्या. मी मास्तरी सोडली नाही. तिथंही विचारलंच — तुम्हाला काय वाटतं, हे झालं कसं?

त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. यात विचारण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं असावं.

"ते निघाले हुते की," त्या म्हणाल्या. "पायात बळ न्हवतं त्यांच्या. तुमच्या हुतं." आणि माझ्या पानावर आणखी एक मूठ टाकली. "खावा मास्तर, गार हुतंय."